फताडीबाईची चाल

माझी वहिनी जनावरांना चालायला शिकवते. हे कुणाला सांगितलं की समोरचा आधी माझ्याकडे बघतो, मग माझ्या हातातल्या कात्रीकडे, आणि जरा मागे सरकतो. म्हणून पुढचं लगेच सांगून टाकते. खरी जनावरं नाहीत हो, कार्टूनमधली. ती ‘उनाड गोठा’ नावाची मुलांची मालिका लागते ना, बोकड शेतकऱ्याच्या टोप्या खातो, वासरू जिभेने फाटकाची कडी काढतं, आणि कोंबडा स्वतः उशिरा उठून सूर्यावर खेकसतो की आज इतक्या लवकर कसा उगवलास, तीच ती. चित्रं कुणी काढतं, आवाज कुणी देतं, आणि कुणाचा पाय कसा पडायचा ते ही बाई ठरवते. तिच्या धंद्यात याला चाल बसवणं म्हणतात. दादाने पहिल्यांदा घरी सांगितलं की मुलगी चाली बसवते, तेव्हा आईला वाटलं गाणारी सून येणार. ती आली आणि कळलं, हिच्या तोंडातून गाणं सोडा, चार शब्द निघतील तर शपथ.

दादा लिफ्ट दुरुस्त करतो. तिच्या स्टुडिओची लिफ्ट अडकली होती आणि आत ही एकटी. तासाभराने दादाने दार उघडलं तर बाई घाबरलेली नाही, रडलेली नाही, त्या दोन हात जागेत गाढवासारखी चालून बघतेय. दादा म्हणजे गोगलगाय, पण त्या दिवशी त्याला कुठून धीर आला कोण जाणे, त्याने विचारलं, मागचा पाय आधी की पुढचा? झालं. तिथेच लग्न ठरलं म्हणायला हरकत नाही.

आमचं घर रस्त्याला लागून. पुढच्या खोलीत माझं शिवणकामाचं दुकान, मागे स्वयंपाकघर आणि आईची खोली, वर दादा-वहिनी. मी नवऱ्याला सोडून आले की त्याने मला सोडलं, यावर आमचं दोघांचं अजून एकमत नाही, पण मी इथे आहे एवढं खरं. तोंडाची मी फटकळ. नवी वहिनी पाणी आणायला जाताना पायऱ्यांवरून कोंबडीसारखी उतरायची, कपडे वाळत घालताना मध्येच थांबून खांदा उडवून बघायची, आणि मी म्हणायचे, दादा, हिला कुठे दाखवून आणायचं का? आई मात्र खूश. हसून हसून तिच्या डोळ्यांना पाणी यायचं. पोटची मुलगी मी, पण संध्याकाळचा चहा आई सुनेबरोबर घ्यायची, कारण सून चहाबरोबर डुक्कर करून दाखवायची. कानामागून आली आणि तिखट झाली, असं मी तोंडावर म्हणायचे. ती लाजून हसायची आणि कप विसळायला उठायची.

आणखी एक सवय तिला. तिच्या खोलीची खिडकी रस्त्यावर आहे. तिथे फोन धरून ती येणाऱ्या-जाणाऱ्याचं चालणं टिपून ठेवायची. कुत्री, पाववाला, शाळेला उशीर झालेला मास्तर, तोंडात टाचण्या धरून गिऱ्हाइकाभोवती फिरणारी मी. धंद्याला लागतं म्हणायची. आम्हाला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

आता आईविषयी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

माझ्या जन्माच्या आधी आई जिन्यावरून पडली होती. कमरेचं हाड बसवणाऱ्याने वाकडं बसवलं, आणि डावा पाय आखूड राहिला. आई सगळ्यांना सांगायची, “जरासा ओढतो, बाकी काही नाही.” जरासा नव्हता. डावा पाय टेकला की ती सगळी त्या बाजूला कलायची, मग उजवीकडून झोका घेऊन सरळ व्हायची, आणि पुन्हा कलायची. पण आपलं चालणं आपल्याला कुठे दिसतं? आरशासमोर माणूस उभं राहतं, चालत नाही. बाबा चपला-बूट करायचे. आईच्या डाव्या चपलेच्या आत ते गुपचूप एक जास्तीचा थर घालायचे, वरून काही कळायचं नाही. मी शिवायला शिकले तेव्हा त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आईचा झगा डावीकडून बोटभर वर घेत जा, म्हणजे चालताना घेर सारखा दिसेल, आणि तिला बोलू नकोस. बाबा गेले. चपलेचं काम मी कोपऱ्यावरच्या चांभाराला समजावून दिलं, झग्याचं माझ्याच हातात होतं. आमच्या घरची रीतच ती. कुणी कधी त्याबद्दल बोलायचं नाही, आणि चुकायचंही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

बाबांच्या पाठीमागे आईने एक काम धरलं. आमच्या दारासमोरच्या रस्त्यापलीकडे बसथांबा आणि अलीकडे लहान मुलांची शाळा. शाळेने आईला ‘थांबा’ लिहिलेली गोल पाटी आणि शिट्टी दिली. सकाळी पोरांना पलीकडून अलीकडे आणायचं, दुपारी सोडायचं. हातात पाटी, अंगात मी शिवलेला करडा झगा, त्याला जुन्या पडद्याच्या उरलेल्या कापडाचे मोठे निळे खिसे, आणि मागे पोरांची रांग. शिट्टी वाजली की ट्रकसुद्धा थांबायचा. एका ट्रकवाल्याशी तिचं पूर्वी कडाक्याचं भांडण झालं होतं, तो तर पुढे लांबूनच हात करायचा. त्या कामाने आई पुन्हा माणसात आली. घरात ती कुणाची तरी आई होती, कुणाची सासू. रस्त्यावर ती साहेब होती.

मालिकेच्या दुसऱ्या वर्षी गोठ्यात नवीन पात्र आणायचं ठरलं. एक बदकीण मास्तरीण, मागे पिल्लांची रांग. बाई तोऱ्यात पुढे जाते, तिला वाटतं पिल्लं मागे येतायत, आणि पिल्लं वाटेत सगळा गोठा उलथापालथा करतात, अशी गंमत. वहिनीला सांगितलं, चाल अशी हवी की पोरं नुसती बघून हसली पाहिजेत. तिने एक बसवून दाखवली, ठीक आहे म्हणाले. दुसरी दाखवली, तीही ठीक आहे. ठीक आहे म्हणजे काय ते तिच्या धंद्यात सगळ्यांना कळतं. जेवणात तिचं लक्ष नसायचं, पाय टेबलाखाली चालत असायचे. मग एक दिवस ती हसत घरी आली. चाल बसली होती. सगळी खोली पोट धरून हसली म्हणे, आणि लिहिणाऱ्याने तिथल्या तिथे बदकिणीचं नाव ठेवलं, फताडीबाई.

अहो, काय चालली ती बाई! बोकड, वासरू, कोंबडा सगळे मागे पडले. दप्तरांवर फताडीबाई, पाण्याच्या बाटलीवर फताडीबाई, माझ्याकडे पोरींचे फ्रॉक यायचे त्यावर फताडीबाईचं चित्र लावून द्या म्हणून. गल्लीतली पोरं एकामागे एक लागून तशीच डुलत चालायची. आणि आमची आई रोज संध्याकाळी टीव्हीसमोर बसून सगळ्यांत मोठ्याने हसायची. “काय बाई हिचं चालणं,” म्हणायची, “भरलेली कळशी डोक्यावर घेऊन नावेत उभी राहिल्यासारखी.” वहिनी त्या वेळी उठून विसळलेले कप पुन्हा विसळायला घ्यायची. मला वाटायचं, कौतुक सोसत नाही बिचारीला.

मग मालिकेचा एक खास भाग निघाला. ही जनावरं बनतात कशी, कोण बनवतं, ते दाखवणार होते. वहिनी टीव्हीवर येणार म्हटल्यावर आईच्या अंगात वारं शिरलं. समोरच्या बेकरीवालीला बोलावलं, शाळेतल्या बालवर्गाच्या बाईंना बोलावलं, बिस्किटं आणली, खुर्च्या माझ्या दुकानातल्या मागे नेल्या. वहिनी दोनदा म्हणाली की आई, विशेष काही नाही त्यात, नका बोलावू कुणाला. आई म्हणाली, तू गप्प बस, तुझं तुला काय कळतं. आणि पाहुणे यायचे म्हणून आईने धुतलेला, इस्त्री केलेला झगा घातला. तोच, निळ्या खिशांचा.

टीव्हीवर वहिनी आली. खाली मान घालून काहीतरी पुटपुटली, की निरीक्षण करावं लागतं. आईने बेकरीवालीला कोपराने ढोसलं, बघ, माझी सून. मग पडद्याचे दोन भाग झाले. उजवीकडे फताडीबाई पिल्लांना घेऊन चाललेली. डावीकडे रस्ता. रस्त्यावर पाठमोरी एक बाई, हातात गोल पाटी, मागे पोरांची रांग. खाली ते बदकिणीचं भोंग्यासारखं वाजणारं संगीत. पाऊल दोघींचं एकदम पडत होतं, कलणं एकदम, झोका एकदम. खाली अक्षरं आली, आमची फताडीबाई चालायला कुठे शिकली बघा.

बेकरीवाली खो खो हसली. दादा हसला. मी हसले, कशाला खोटं बोलू. मग पाठमोऱ्या बाईच्या झग्याचे खिसे दिसले, निळे, आणि हसणं जिथल्या तिथे थांबलं, एकेकाचं, बेकरीवालीचं सगळ्यांत शेवटी. तिने तोंडावर हात घेतला. टीव्हीवर ते दोन वेळा, तीन वेळा फिरवून दाखवत होते.

आईने आपल्या मांडीवरच्या खिशावर हात ठेवला. टीव्हीकडे बघितलं, पुन्हा खिशाकडे बघितलं.

“मी अशी चालते?”

तिने माझ्याकडे वळून विचारलं, “अगं, मी अशी चालते?”

मी तोंडाची फटकळ ना? ज्या बाईच्या कमरेचं माप चुकलं तिला तोंडावर जाडी म्हणणारी मी. माझ्या तोंडाला कुलूप लागलं. दादा म्हणाला, नाही गं आई, कॅमेऱ्यात तसं वाटतं. आईने त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो तिथल्या तिथे लहान झाला. वहिनी दारात उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं आपण म्हणतो, तसं तोंड मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

आई रागावली असती तर बरं झालं असतं. तिने बशी उचलून जागेवरूनच बिस्किटं पुढे केली, घ्या ना, म्हणाली. बालवर्गाच्या बाई काहीतरी हवापाण्याचं बोलल्या. मग सगळे उठले. पाहुणा उठला की दारापर्यंत पोचवायला जायची आईची सवय, त्या दिवशी ती जागची हलली नाही. शेवटचा माणूस रस्त्यावर जाईपर्यंत ती बसून राहिली. मला तेव्हा कळलं, तिला त्यांच्यासमोर चालायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने पाटी आणि शिट्टी शाळेत पाठवून दिली. गुडघा धरलाय, असा निरोप. गुडघ्याला काही झालेलं नव्हतं.

वहिनी कामाला गेली आणि ऐन दुपारी परत आली. दुकानात इस्त्रीच्या टेबलाशी उभी राहिली आणि झालं ते सांगितलं. साहेबांकडे गेली होती, ते दाखवणं बंद करा म्हणायला. साहेब म्हणाले, चेहरा कुठे दिसतोय? आणि ते चित्रण आमच्या कामाच्या फायलींत कुणी ठेवलं होतं, तूच ना? तिनेच ठेवलं होतं. चाल बसवताना बाजूला लागतं ते, काम झाल्यावर काढायचं राहून गेलं, आणि जाहिरात करणाऱ्या पोरांच्या हाती लागलं. मग तिने फताडीबाईची चाल बदलू का विचारलं. साहेब हसले. एकदा बसवलेली चाल प्रत्येक भागात तीच फिरते, खेळण्यांत तीच, बाहुलीला किल्ली दिली की ती तशीच कलते. आता काय सगळ्या दुकानांतून बाहुल्या परत आणायच्या?

मी तिला सोडली नाही. शिलाई मशीन थांबवून जे तोंडाला येईल ते बोलले. घरचं माणूस कुणी असं बाजारात मांडतं का, दुसरं कुणी मिळालं नाही का, स्वतःच्या आईला नेलं असतंस का. तिने सगळं ऐकून घेतलं. खालमानेने इस्त्रीच्या कापडावरचा डाग नखाने खरवडत होती.

“ताई, मी चेष्टा करायला नव्हती काढली,” ती म्हणाली. “आईंच्या मागे पोरं किती निर्धास्त चालतात, ते मला काढायचं होतं. मी दाखवलं आणि खोलीतले सगळे हसले. मला सांगायचं होतं, हसू नका, ही माझी सासू आहे. पण इतक्या दिवसांनी माझं काम आवडलं होतं त्यांना. मग मीही हसले.”

एवढं बोलून ती वर गेली. मी मशीन सुरू केलं आणि उलटी शिलाई घातली. पुन्हा उसवावी लागली.

त्यानंतर घर म्हणजे नुसती धर्मशाळा. कोण कधी जेवतं, कोण कधी निजतं, कुणाला कुणाचा पत्ता नाही. वहिनीचं ते जनावरांचं चालणं बंद झालं. ती भिंतीला धरून, आवाज न करता, चोरासारखी वावरायची, आणि आई स्वयंपाकघरात असेल तर पाण्यालाही जायची नाही. कामाला जायला तिला समोरच्याच थांब्यावर बस, पण शाळेसमोरून रस्ता ओलांडायला नको म्हणून लांबच्या चौकातून वळसा घालून जायची. आई दिवसभर माझ्या दुकानाच्या खिडकीशी बसायची. बसायची, कारण बसलेल्या माणसाची चाल दिसत नाही.

रिकामं बसून माणूस काहीतरी शोधून काढतंच. एके दिवशी आईने मला आत बोलावलं. पलंगावर तिचे सगळे झगे पसरलेले. तिने एक उचलला, मधोमध दुमडला, बाजूला बाजू जुळवली. डावी कड बोटभर वर. दुसरा दुमडला, तोही तसाच. खाली तिची डावी चप्पल पडलेली, आतला थर उचकटलेला.

“चूक आहे का ही?” तिने विचारलं.

इतके झगे एकाच बाजूला चुकत नाहीत, हे शिवणाऱ्या बाईला सांगायला नको. मी म्हटलं, बाबांनी सांगितलं होतं.

“म्हणजे सगळ्या घराला ठाऊक होतं. एक मी सोडून.” तिने झगा घडी घालून ठेवला. “निदान तिने उघड तरी केलं. तुम्ही मला इतकी वर्षं झाकून ठेवलंत. झाकण्यासारखं होतं म्हणूनच ना?”

मी वहिनीला जे जे बोलले होते ते सगळं घशाशी आलं. घरचं माणूस बाजारात मांडतं का म्हणे. मी तर कापडाखाली लपवलं होतं, आणि वर स्वतःला शहाणी समजत होते. चप्पल उचलून थर पुन्हा नीट बसवत बसले.

शाळेने आईच्या जागी आपल्या दरवानाला उभं केलं होतं. माणूस वाईट नव्हता, पण त्याची चाल शिपायाची, ताठ, पाटी पुढे धरून सरळ निघायचा. एका दुपारी आई खिडकीशी होती, मी एका कोटाला अस्तर लावत होते. दरवान पोरांना घेऊन निघाला, निम्म्या रस्त्यात गेला, आणि सगळ्यांत मागच्या छोटीचं दप्तर खांद्यावरून घसरून खाली पडलं. फताडीबाईचं चित्र असलेलं दप्तर. दरवान पुढेच चाललेला, ही पोर दप्तर घ्यायला उलटी धावली. गाडीवाल्यांना वाटलं रांग गेली, त्यांनी गाड्या सोडल्या. एका स्कूटरने असा करकचून ब्रेक मारला की तो आवाज माझ्या दाढांत गेला. पोरगी वाचली. दप्तरावरून चाक गेलं.

मी दारात धावले. मागे वळून बघते तर आई उभी. खिडकीचा गज तिने धरलेला, आणि ओठ हलत होते. “मागे बघ ना रे,” ती म्हणत होती. “मागे बघ.”

त्या संध्याकाळी वहिनी परत आली तशी आईने तिला हाक मारली. इतक्या दिवसांत पहिली हाक. म्हणाली, तुझं ते यंत्र घेऊन ये आणि मला ते दोन्ही दाखव, शेजारी शेजारी. वहिनीने यंत्र आणलं. तिने लावलं. आईने चष्मा घातला. एकदा बघितलं, दोनदा बघितलं, मग म्हणाली हळू लाव. वहिनीने एकेक पाऊल करून दाखवलं. मी दाराशी, हातात माप घ्यायची टेप, आत जाऊ की नको अशी.

“इथे मी थांबते,” आईने पडद्यावर बोट ठेवलं. “ही का नाही थांबत?”

वहिनी खाली बघत म्हणाली की ते थांबणं मीच काढून टाकलं. “मला वाटलं, पाय दुखतो म्हणून तुम्ही तिथे थांबता. त्याने चाल अडकत होती. हसू तुटत होतं.”

“पायासाठी थांबते होय मी?” आईचा आवाज चढला नाही. “मागे बघते मी तिथे. पोरं मोजते. शेवटचं पोर आलं की पुढचं पाऊल टाकते. चालणं माझं घेतलंस, आणि मागे बघणं तेवढं टाकून दिलंस?”

वहिनीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हुंदकाही नीट देता येईना तिला. म्हणाली, मला दिसलंच नाही. इतक्या वेळा बघितलं आणि दिसलं नाही. मी नुसते पाय बघत होते.

आईने तिची समजूत काढली नाही. पाठीवरून हात फिरवला नाही. मला सिनेमातल्यासारखं काहीतरी होईल असं वाटलं होतं, तसं झालं नाही. आई चष्मा पुसून उठली आणि आमच्या दोघींच्या समोरून, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, डुलत, कलत, झोका घेत चालत गेली. आम्हाला बघावंच लागलं. कपाटातून तिने झगा काढला आणि माझ्या अंगावर टाकला.

“उद्यापर्यंत सरळ करून दे. दोन्हीकडून सारखा. चप्पल राहू दे तशीच, तिच्यात पाय दुखत नाही.” आणि वहिनीला म्हणाली, “शाळेतून पाटी आणून ठेव.”

मी झगा उसवला. इतक्या वर्षांची मुडपलेली पट्टी आतून नवीकोरी निघाली, बाहेरचा करडा रंग विटलेला. सरळ शिवली तर डावीकडे बोटभर गडद पट्टा उठून दिसायला लागला, आता तर कुणाच्याही नजरेत भरेल असा. आईला दाखवला. दिसू दे, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळा सुटायच्या वेळी आई फाटकाशी जाऊन उभी राहिली. गल्लीतल्या बायका दारात आल्या होत्या. बेकरीवाली काचेमागून बघत होती, समोर यायची तिला लाज वाटत असावी. माझे हात कामाला लागेनात. पोरं आईला बघून ओरडली, रांग लागली, आणि लहानांना कुठलं काय कळतं, दोघं-तिघं सवयीने फताडीबाईसारखी डुलायला लागली. बालवर्गाच्या बाई त्यांना दटावायला पुढे झाल्या. आईने हाताने खूण केली, राहू द्या.

वहिनीने सकाळी पाटी आणून दिली होती, आणि कामाला जाते जाते म्हणत अर्धा दिवस घरातच काढला होता. आता पर्स छातीशी धरून ती घराबाहेर पडली. मला वाटलं, गेली चौकाच्या वळशाला. पण ती फाटकाशी जाऊन थांबली, सगळ्यांत शेवटच्या छोटीच्या मागे. रांगेत नाही, रांगेपासून जरा लांब. मान खाली.

आईने शिट्टी वाजवली. दोन्हीकडच्या गाड्या थांबल्या. पाटी वर धरून आई निघाली. कलली, झोका घेतला, कलली. डाव्या बाजूला झग्याचा तो गडद पट्टा रस्त्याला टेकतोय की काय असा खाली जायचा आणि वर यायचा. सगळा रस्ता बघत होता. निम्म्यात ती थांबली, मान वळवली, आणि एकेक पोर नजरेखालून घातलं. छोटी पोचली. आता पुढचं पाऊल टाकणार, असं मला वाटलं. तिने टाकलं नाही.

वहिनी अजून अलीकडेच होती. गोठाभर जनावरं चालवणारी बाई, तिचा स्वतःचा पाय उचलेना.

आई रस्त्याच्या मधोमध तशीच उभी राहिली, पाटी वर, तोंड मागे. पोरं उभी राहिली. तो ओळखीचा ट्रकवाला इंजिन बंद करून बसला. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला, तिकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

“आटप गं,” ती म्हणाली. “गाड्या थांबल्यात.”